घरधनी उभा असतो

स्तामेनाने काडी ओढली तेव्हा तिच्या सासऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

टेबलाच्या मधोमध, पावाच्या शेजारी, मेणाची उंच मेणबत्ती उभी होती. ज्योत आधी वातीपाशी घुटमळली, मग सरळ झाली आणि काळवंडलेल्या भिंतीवरचा संत निकोलस अंधारातून थोडा पुढे आला.

“विझव ती,” रादिसाव भिंतीशीच बोलला. “ज्या घरात घरधनी उरला नाही, तिथे स्लावा नसते. घर विझलं की विझलं.”

“घर विझलं असतं तर तुम्ही कुठे बसला असता, बाबा?”

“बायकांचं काम नाही ते.”

“पाव मी मळला, गहू मी शिजवला, मेणबत्ती मी ओतली. काडी ओढायला तेवढा कोण येणार होता?”

म्हाताऱ्याने गुडघ्यावरची घोंगडी वर ओढून घेतली.

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. त्या दिवशी आमंत्रण कुणालाच नसते, दार मात्र सगळ्यांना उघडे असते. आणि घरधनी सकाळपासून उभा असतो. पाहुणे बसतात, खातात, पितात, गप्पा मारतात; तो त्यांच्यामागे उभा राहून पेले भरतो, आणि शेवटचा पाहुणा अंगणाबाहेर पडेपर्यंत स्वतःच्याच घरात त्याला बसायची मुभा नसते. मुलाचे, मिलादिनचे, स्तामेनाशी लग्न झाले त्या वर्षी रादिसावने हा पाव, आणि त्यासोबत घरधनीपण, त्याच्या हाती सोपवले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा या टेबलाशी पाहुण्यासारखा बसला होता. एकदा दिलेला पाव परत घ्यायचा नसतो. गेल्या हिवाळ्यात माघार घेणाऱ्या सर्ब सैन्यासोबत मिलादिन अल्बानियाचे बर्फाचे डोंगर ओलांडून समुद्राकडे गेला. वसंतात एक लंगडा सैनिक निरोप घेऊन आला, की तो समुद्रापर्यंत पोचला खरा, पण पाणी पाहून तिथेच पडला, तो पुन्हा उठला नाही. तेव्हापासून रादिसाव वाळूवर ओढून ठेवलेल्या नावेसारखा घरात पडून होता.

स्तामेनाने पाव दोन्ही हातांनी उचलला. पाव हातांवर गोल फिरवायचा तेव्हा समोर दुसरे हात हवेत. ती थांबली. म्हाताऱ्याची पाठ हलली नाही.

मागच्या दाराची कडी वाजली आणि शेजारची पेत्काना आजी आलुबुखाराच्या बागेतून, पायांना चिखल घेऊन आत आली. तिच्यामागे आणखी दोघी होत्या, त्यांच्या शालींखाली काहीबाही झाकलेले होते.

“सणाच्या शुभेच्छा, घरधनी,” पेत्काना म्हणाली, आणि कुणाला म्हणाली ते तिने सांगितले नाही. पण पावाखाली तिचे हात येऊन टेकले. दोघींनी पाव फिरवला, त्यावर वाइन ओतली, आणि स्तामेनाने तो मोडला.

बायका बसल्या. उपवासाचे दिवस, त्यामुळे पानात बिनतेलाचे घेवडे, नदीतला एक लहानसा मासा आणि अक्रोड. धान्य सगळे गावात ठाण मांडलेल्या ऑस्ट्रियन फौजेने उचलून नेले होते. चुलीमागच्या विटेआड लपवलेल्या मूठभर गव्हाचे दाणे आज वाटीत होते. आधी ज्याने त्याने त्यातला चमचाभर खाल्ला, मेलेल्यांच्या नावाने.

“नगरपालिकेच्या दारावरचा कागद वाचलास?” पेत्कानाने घास गिळत विचारले. “सण सगळे त्यांच्या कॅलेंडरने करायचे म्हणे, आपल्यापेक्षा तेरा दिवस आधी. आणि चारपेक्षा जास्त माणसं एका घरात दिसली की कैद्यांची छावणी. ज्या सम्राटाचं कॅलेंडर तो गेल्या महिन्यात मेला, पण कॅलेंडर मेलं नाही बघ.”

“हळू बोला, आजी.”

“हळू कशाला? या सगळ्याची सुरुवात तरी कुणी हळू केली होती? सारायेव्होत एका पोराने त्यांच्या युवराजाला गोळी घातली. ऑस्ट्रिया म्हणाला, सर्बांनी घातली, आता सर्बांना ठोकतो. रशिया म्हणाला, सर्ब माझा भाऊ. जर्मन म्हणाला, ऑस्ट्रिया माझा भाऊ. रशियाचा भाऊ फ्रेंच. त्याला गाठायला जर्मन बेल्जियमच्या शेतातून घुसला, तर इंग्रज बाह्या सरसावून उठला. लग्नात एकाच्या पेल्याला धक्का लागतो आणि तिन्ही गावं काठ्या काढतात, तसलं.”

“तुर्क राहिला,” भिंतीकडून आवाज आला. “आणि बल्गार.”

पेत्कानाने इतर दोघींकडे पाहून भुवया उंचावल्या. “राहिला खरा. एवढे भाऊ निघाले बघा जगात. पण माझी गाय सोडून नेली तेव्हा त्यातला एकही आडवा आला नाही.”

एक बाई हसली आणि हसता हसता तिने शालीचे टोक डोळ्यांना लावले. स्तामेनाने तिचा पेला भरला. तिच्या मनात तो पहिला उन्हाळा आला. गहू कापायचा उभा होता आणि लढाईच्या बोलावण्याचा ढोल वाजला होता. आले तसे ऑस्ट्रियन दोनदा परतवले. दुसऱ्यांदा तर याच कोलुबारा नदीकाठी, आणि मिलादिन आठ दिवसांच्या दाढीने दारात उभा राहून म्हणाला होता, संपलं. मग तापाची साथ आली, तिने तोफांपेक्षा जास्त नेले. मग गेल्या वर्षीच्या शरदात उत्तरेकडून जर्मन आणि ऑस्ट्रियन, पूर्वेकडून बल्गार, एकदम. मित्रराष्ट्रांची जहाजे येणार येणार म्हणत शाळेवर पताका लावल्या होत्या. त्या पताका पावसाने फिक्या होईपर्यंत तशाच होत्या.

पुढचे दार वाजले नाही, सरळ उघडले.

ऑस्ट्रियन फौजेचा सार्जंट उंबऱ्यात थांबला. त्याचा सैनिक अंगणात, बंदुकीला टेकून. सार्जंट सावा नदीपलीकडचा, ऑस्ट्रियाच्या मुलखातला होता. त्याची भाषा त्यांचीच होती, फक्त शब्दांना थोडी वेगळी ओढ. त्याने मेणबत्ती पाहिली, पाव पाहिला, आणि त्याची नजर क्षणभर गव्हाच्या वाटीवर अडखळली. स्तामेनाने वाटी आणि चमचा त्याच्यापुढे धरला. दारातून आलेल्याला आधी हेच देतात. सार्जंटचा हात अर्धवट उठला. मग त्याने तो पट्ट्यात खोचला.

“आज एकोणीस तारीख,” तो म्हणाला. “तुमचा संत तेरा दिवसांपूर्वी येऊन गेला.”

“तेव्हा तो आमच्याकडे आला नव्हता,” स्तामेना म्हणाली.

“मेणबत्ती विझवा.”

“ती फुंकून विझवत नाहीत. संध्याकाळी घरधनी वाइनने विझवतो.”

“मग घरधन्याला बोलवा. कोण आहे तो?”

भिंतीजवळ घोंगडी खाली पडल्याचा आवाज झाला. रादिसाव उठत होता. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा हवेत काहीतरी शोधणारा. किती महिन्यांनी तो स्वतःहून उठत होता ते स्तामेनालाच ठाऊक होते. तो सरळ उभा राहिला आणि सार्जंटकडे वळला.

“मी,” तो म्हणाला. “ही माझी स्लावा. या बायका नुसत्या जेवायला आल्यात.”

“बाबा,” स्तामेना म्हणाली, “बसा. पाहुण्याने उभं राहायचं नसतं.”

“गप्प बस, पोरी.”

“बसा.”

सार्जंटने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. मग तो स्तामेनाशी बोलू लागला, आवाज खाली आणून, जणू खोलीत दुसरे कुणी नव्हते. “नीट विचार कर. घरधनी जो असेल तो हंगेरीतल्या छावणीत जाईल. हा म्हातारा आहे, याचे दिवस तसेही भरत आलेत. तू कशाला?”

“सकाळपासून या घरात उभी कोण आहे ते यांना विचारा,” ती म्हणाली.

पेत्काना ताटाकडे पाहत म्हणाली, “ती. एकदाही टेकली नाही.”

रादिसावने सुनेकडे पाहिले, खूप वेळ पाहिले. अनोळखी वाटेवर दिवा घेऊन चाललेल्या माणसाकडे पाहावे तसे. मग खुर्चीचे तोंड त्याने भिंतीकडून टेबलाकडे वळवले. गुडघे हळूहळू दुमडत तो खाली बसला.

“उद्या सकाळी ठाण्यावर ये,” सार्जंट म्हणाला.

“उद्या स्लावाचा दुसरा दिवस. जे आज आले नाहीत ते उद्या येतील. परवा येते.”

तो काहीतरी कठोर बोलणार असे वाटले. त्याने टोपी सारखी केली. “परवा,” तो म्हणाला. “लोकरीचे मोजे घाल. तिकडे थंडी फार.” दार ओढून घेत तो गेला. मेणबत्तीकडे त्याने पुन्हा पाहिले नाही.

अंगणातून बुटांचे आवाज दूर गेले तरी बायकांना एकमेकींकडे बघवेना. स्तामेनाने वाटी टेबलावर ठेवली. टेबलाच्या कडेला तिने हात टेकवले, पण ती बसली नाही.

रादिसावने समोरचा पेला दोन्ही हातांत घेतला आणि परक्याच्या घरी आलेल्या माणसासारखा, जरा अदबीने, तिच्यापुढे धरला.

“घरधनी,” तो म्हणाला, “इकडे बघा जरा. पाहुण्याचा पेला रिकामा आहे.”