मलावीच्या वाटेवरचं पिठलं

आईला पारोळ्यात ठेवून मलावीला निघाले तेव्हा धाकट्या भावाकडून, प्रशीलकडून, मी एकच गोष्ट कबूल करून घेतली होती. रोज सकाळी फोनवर तिचा आवाज ऐकवायचा. तिच्या छातीत पाणी झालं होतं. महिना-दोन महिने काढेल, असं डॉक्टर म्हणाले होते. आमच्या नेत्रशिबिराच्या मिशनला ऑपरेशनसाठी दुसरी सिस्टर मिळेना, आणि आईच म्हणाली, "जाय, संघमित्रा. लोकेसले डोया देवाले जाई रायनी तू." मी गेले. तीस वर्षं नोकरी केली, पण नाही म्हणायला काही शिकले नाही.

आम्ही नऊ जण होतो. जळगावहून रेल्वे, मग विमान, मग आदिस अबाबाच्या विमानतळावर अठरा तास, पुन्हा विमान आणि पुढे दोन दिवस व्हॅन. पहिल्या दिवशी माझ्या घोरण्यावरून सगळ्यांनी मला मनसोक्त छळलं. मीही कुणाला सोडलं नाही. स्वयंपाकाला दोंडाईच्याच्या कुंदाबाई होत्या. त्यांनी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाची मोठी गोणी बरोबर घेतली होती, जशी काही आफ्रिकेत माणसं जेवतच नाहीत.

पहिल्या सकाळी आई बोलली. दोन शब्द बोलून धापा टाकल्या, पण बोलली. दुसऱ्या सकाळी विमानतळावरून फोन लावला तर प्रशील म्हणाला, "माय आंघोय करी रायनी, अक्का." तिसऱ्या सकाळी म्हणाला, "विहारमा गई शे."

खाटेवरून न उतरणारी बाई विहारात कशी जाईल? मी विचारलं, तर रेंज नाही म्हणून त्याने फोन ठेवला. मी त्याला मनातल्या मनात आळशी, बेजबाबदार, काय काय म्हणाले. खरं तर मला भीती वाटत होती. पण घाबरण्यापेक्षा चिडणं मला सोपं जातं.

त्यातच टीमची तऱ्हा बदलली. आमचे प्रमुख डॉक्टर रविंद्र सर कधी स्वतःची पिशवी उचलत नाहीत, ते माझी बॅग उचलायला लागले. खिडकीची जागा मला. घोरण्यावरून कुणी चकार शब्द काढेना. मी जवळ गेले की बोलणं थांबायचं. माझ्या जिभेला कंटाळली असतील, असं मी धरून चालले. दिवसभर लाल मातीचा रस्ता, मक्याची शेतं, आणि नऊ माणसांच्या व्हॅनमध्ये मी एकटी. नवरा गेला तेव्हाही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

चौथ्या सकाळी वाटेतल्या एका गेस्ट हाउसमध्ये बाकीचे खाली पाव-आमलेट खात होते. मला भूक नव्हती, मी खोलीतच बसले होते. कुंदाबाई ताट घेऊन आल्या. पिठलं आणि कळण्याची भाकरी. ताट माझ्या पुढ्यात ठेवलं आणि समोर जमिनीवर बसल्या.

"एक घास खाई ले, बहीन."

"ठेवा, खाते नंतर."

त्या हलल्या नाहीत.

आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीण पिठलं-भाकरी घेऊन येते आणि पहिला घास पोटात जाईपर्यंत समोरून उठत नाही. पारोळ्यात कितीतरी घरी मी स्वतः अशी बसले आहे.

"कधी?" मी विचारलं.

कुंदाबाईंनी तोंडाला पदर लावला. "परवा पहाटे. तुना भाऊनी डॉक्टरसले सांगेल शे, घर येवापावत तिले बोलू नका. मी काई बोलनू नही, बहीन. पण तू उपाशी कशी ऱ्हाशी?"

म्हणजे परवाच सगळं आटोपलं होतं. आईला पोहोचवून आल्यावरही प्रशील रोज माझा फोन घेत होता. माझी चिडचिड ऐकत होता, आणि तिथे त्याच्या खांद्यावर हात ठेवायला बहीण नव्हती.

मी घास खाल्ला. पाण्याबरोबर ढकलला. मग पोटभर रडले. कुंदाबाई बसून होत्या.

तेवढ्यात प्रशीलचाच फोन आला. आवाज बसलेला होता.

"जेवनी का, अक्का?"

"जेवले."

"माय..." तो अडखळला. आजचं कारण त्याला सुचेना.

"काही काम करत असेल," मी म्हणाले. "राहू दे. तिला सांग, मी बरी आहे."



"हाव," तो म्हणाला. "सांगसू."