पेन्सिलीचं टिंब

चौदा वर्षं त्या नुसत्या ताई होत्या. केंद्राच्या दारावरची पाटी बदलली, फोन बदलला, खुर्च्या तर दोनदा बदलल्या, पण ताई म्हणजे ताई. मग वर्षापूर्वी ती नवी आली आणि तीनच महिन्यांत दवाखान्यातल्या नर्सने फोनवर विचारलं, "कोण बोलतंय? मोठ्या ताई की धाकट्या ताई?"

"ताई बोलतेय," असं ताई म्हणाल्या खऱ्या, पण फोन ठेवला तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. ओट्याशी चहा गाळणाऱ्या मावशींना त्यांनी ऐकवलं की वयाचं काही नाही हो, वय काय सगळ्यांचंच वाढतं. वयाचंच होतं. फक्त तेवढंच नव्हतं.

घरात मार खाल्लेल्या, घराबाहेर काढलेल्या, कधी नुसतं घाबरून निघून आलेल्या बायका या केंद्रात येत. केंद्र काही औषध देत नसे, खटला लढत नसे, रात्रीला छप्परही देत नसे. ते देणारे चौघं गावाच्या चार टोकांना बसलेले. दवाखान्यातली डॉक्टर, चौकीतल्या पोलीसबाई, वकील आणि आधारगृहाची अधीक्षिका. पूर्वी बाईला या चारही टेबलांवर आपली हकीकत पहिल्यापासून सांगावी लागे. दोन टेबलं व्हायची, तिसऱ्याला ती रडायची आणि चौथ्याला जायच्या ऐवजी मुकाट्याने घरी जायची. हे पाहून पाहून ताईंनी पिवळा कागद काढला. बाईने इथे एकदाच सांगायचं, ते पिवळ्या कागदावर उतरवायचं, कागद पाकिटातून तिच्याबरोबर फिरेल, आणि चारही टेबलं तो वाचतील पण तिला पुन्हा विचारणार नाहीत. चौघांच्या गळी हे उतरवायला ताईंची दोन वर्षं आणि तीन जोड चपला गेल्या होत्या. हे सांगताना दर वेळी चपलांचा एखादा जोड वाढायचा.

त्यातही एक बारीक गोष्ट होती आणि ती ताईंना सगळ्यात प्यारी. एखादा रकाना बाईला लिहून द्यायचाच नसेल तर तो रिकामा सोडायचा आणि कोपऱ्यात पेन्सिलीचं टिंब द्यायचं. टिंब म्हणजे हा रकाना राहून गेलेला नाही, इथे विचारू नका. नवी आली त्या दिवशी ताईंनी तिला सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं.

आणि मेलीने ते असं उचललं, की ताईंना शिकवल्याचा पश्चात्ताप व्हावा.

ती टेबलापलीकडे बसत नसे. बाकावर, बाईच्या शेजारी बसायची. दोघींच्या मध्ये जुन्या कागदांचा गठ्ठा ठेवायची आणि म्हणायची, "जरा पाकिटं घडी करायला मदत करता का? संपलीत." मग दोघी पाकिटं करत बसायच्या. नवी एक अक्षर विचारत नसे. पाचव्या-सहाव्या पाकिटाला बाई आपणहून बोलायला लागायची.

"केंद्राची कामं फुकटात करून घेते बायकांकडून," ताई घरी नवऱ्याला म्हणाल्या. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा आणि जेवतानाही डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलेलं असायचं.

"पण बोलतात ना बायका?"

"बोलतात. न बोलायला काय झालं?"

"मग बरंच आहे की. तुझ्यावरचा भार हलका झाला. हुशार दिसतेय पोरगी."

ताईंना मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी त्यांनी त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढली नाही आणि त्याला ते कळलंही नाही.

पुढे पुढे तर बायका जिना चढून यायच्या, दारात थबकायच्या आणि ताईंच्या डोक्यावरून पलीकडे पाहत विचारायच्या, "धाकट्या ताई आहेत का?" ताई हसून बाकाकडे बोट करायच्या. हसताना दात दिसत, पण आत नुसता जळफळाट. चौदा वर्षं आपण रस्ता बांधायचा आणि वरून वरात दुसरीची जायची.

अशात ती बेकरीवाली आली.

स्टेशनाजवळच्या बेकरीत पाव भाजायची. हातावर भट्टीचे जुने डाग होते आणि त्यात काही भट्टीचे नसलेलेही होते. आल्या आल्या ती बाकावर नवीच्या शेजारी बसली आणि दोन तासांत सव्वीस पाकिटं झाली. रात्रीपुरती ती बेकरीतल्या मैत्रिणीकडे राहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरने कागद वाचला आणि एक प्रश्न न विचारता मलम लावलं. आधारगृहात एक खाट रिकामी होत होती. अधीक्षिका ती संध्याकाळी सहापर्यंत धरून ठेवणार होती, सहानंतर यादीतल्या पुढच्या बाईला. बेकरीवालीच्या नवऱ्याला मैत्रिणीचं घर ठाऊक होतं. म्हणजे खाट मिळाली तर ठीक, नाही तर तिला परत नवऱ्याच्याच दारात जाणं भाग होतं.

दुपारी नवी दुसऱ्या एका बाईबरोबर कोर्टात गेली. "चारपर्यंत येतेच," ती बेकरीवालीला म्हणाली. "तोवर इथेच बसा. ताई आहेतच."

आहेतच. जशी काही भिंत.

ताईंनी फाइल उघडली. पिवळा कागद वाचला, पुन्हा वाचला. चूक काढायला बसल्या होत्या, आणि चूक निघेना. नेमक्या तारखा, साधी वाक्यं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. त्यांनी स्वतः लिहिला असता तर दीड पान झालं असतं. फक्त एक रकाना रिकामा होता. 'याआधी कोणाला सांगितलं होतं?' आणि कोपऱ्यात, अगदी शिकवल्याबरहुकूम, पेन्सिलीचं टिंब.

म्हणजे तिला ठाऊक आहे, ताईंच्या मनात आलं. त्या पोरीला ठाऊक आहे आणि मला नाही.

त्या उठल्या. बाकावर बसल्या नाहीत, खुर्ची ओढून बेकरीवालीच्या समोर बसल्या.

"एक रकाना राहिलाय गं," त्या म्हणाल्या. "याआधी तू कोणाला बोलली होतीस का?"

बेकरीवालीचा घडी करणारा हात थांबला. "ते... धाकट्या ताईंना सांगितलंय मी."

"तिला सांगितलंस ना? मग मला सांगायला काय हरकत आहे? मी इथे तिच्या आधीपासून आहे."

"त्या म्हणाल्या होत्या, लिहिणार नाही. कोणाला सांगणार नाही."

इथे ताई थांबू शकत होत्या. इथे थांबल्या असत्या तर एक आगाऊ प्रश्न, इतकंच झालं असतं. पण 'कोणाला' या शब्दात त्या स्वतः जमा होत्या, ते त्यांना सोसलं नाही.

"अगं, आमच्यात लपवाछपवी नसते," त्या म्हणाल्या. "तिचं सगळं माझ्याकडे येतंच. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय."

बेकरीवालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हातातलं अर्धवट पाकीट गठ्ठ्यावर ठेवलं, पिशवी उचलली आणि म्हणाली, "जरा खाली जाऊन येते." जिन्यावर चपला वाजल्या. ताई खिडकीशी गेल्या तोवर ती रस्ता ओलांडून गेलीसुद्धा.

नवी चारला दहा मिनिटं असताना आली.

"कुठायत त्या?"

"गेली. मन बदललं असेल. आपण काय बांधून ठेवतो का कोणाला?"

"काही म्हणाल्या?"

"काही नाही."

नवीने बाकाकडे पाहिलं, अर्धवट पाकिटाकडे पाहिलं, समोर ओढलेल्या खुर्चीकडे पाहिलं. मग ती बाकावर बसली आणि शेजारची जागा हाताने पुसली. ताई बसल्या. का बसल्या ते त्यांना सांगता आलं नसतं. नवीने गठ्ठा मध्ये ठेवला आणि स्वतः एक कागद घडी करायला घेतला.

एक पाकीट झालं. दोन झाली. तिसऱ्याला ताईंच्या ध्यानात आलं की ही बया आपल्यावर तोच प्रयोग करतेय. त्या चिडल्या, आणि चिडता चिडताच बोलायला लागल्या. खुर्ची, रकाना, 'मला सांगायला काय हरकत', 'आमच्यात लपवाछपवी नसते', सगळं. सहाव्या पाकिटापर्यंत काही उरलं नाही.

"टिंब दिसलं होतं तुम्हाला?" नवीने विचारलं.

"दिसलं होतं."

नवी एखादा शब्द तोडून बोलली असती तर ताईंना बरं वाटलं असतं. ती फक्त उठली आणि पिशवी खांद्याला लावली.

"बेकरीतच गेल्या असतील. पाचची भट्टी त्यांची असते. मी जाते. तुम्ही खाट धरून ठेवा. ते तुमच्याशिवाय कोणाला जमायचं नाही."

हे ती खरंच म्हणाली की समजूत काढायला, यावर ताई पुढे पुष्कळ दिवस डोकं खाजवणार होत्या.

"थांब," त्या म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं. 'तुझी गोष्ट तिने मला सांगितलेली नाही. मला आजही माहीत नाही. मी खोटं बोलले.' खाली सहीशी पेन अडलं. नाव घातलं तर बेकरीवालीला कळणार नाही. नुसतं 'ताई' लिहिलं तर कोणती ताई? त्यांनी दात आवळले आणि लिहिलं, 'मोठ्या ताई'.

मग फोन. अधीक्षिका म्हणाली, सहा म्हणजे सहा. बाई स्वतःहून गेली ना? मग यादीतल्या दुसरीवर का अन्याय? "स्वतःहून नाही गेली," ताई म्हणाल्या. "मी तिला घालवली." आणि त्यांना सांगावं लागलं. अधीक्षिकेने ते वरच्या साहेबांच्या कानावर घालायला सांगितलं. साहेबांनी पहिल्यापासून विचारलं. पुन्हा खुर्ची, पुन्हा रकाना. दुसऱ्यांदा सांगताना ताईंना वाटलं आपण आता जरा बरं मांडतोय, आणि त्याचीच लाज वाटली. मग आधारगृहाचा गाडीवाला म्हणाला, पाचच्या फेरीचं सव्वासहा करायचं तर कारण लिहावं लागतं, काय लिहू? तिसऱ्यांदा घसा असा बसला की त्याला दोनदा 'मोठ्याने बोला' म्हणावं लागलं.

तीनच टेबलं झाली होती, तीही फोनवर, तीही आपल्याच चुकीची. चौथं असतं तर ताई मुकाट्याने घरी गेल्या असत्या.

खाट साडेसहापर्यंत मिळाली.

सहाला वीस मिनिटं कमी असताना जिन्यावर चपला वाजल्या. दोन जोड. ताई आधीच उठून आतल्या फाइलींच्या खोलीत गेल्या होत्या, दार लोटून घेतलं होतं. त्या खोलीचं दार म्हणजे प्लायवूडचा एक पातळ तक्ता, मावशी कपबशी ठेवतात तेही आत ऐकू येतं.

"त्या बाई आहेत का?" बेकरीवालीचा आवाज.

त्या बाई. चौदा वर्षं ताई, नऊ महिने मोठ्या ताई, आणि एका दुपारीत त्या बाई.

"आत आहेत," नवी म्हणाली. "बाहेर येणार नाहीत."

"त्यांची चिठ्ठी दाखवलीत म्हणून आले. नाहीतर नसते आले."

बाक करकरला. थोडा वेळ कागदाच्या घड्यांचा आवाज येत राहिला. मग बेकरीवाली हळू आवाजात म्हणाली, "ते लिहाच आता. लिहिलेलं बरं. मी सांगते तसं लिहा. मी पहिल्यांदा सांगितलं होतं ते..."

ताईंचे पाय आपोआप दाराकडे वळले. दोन पावलं होती. दोनच पावलं, की रकाना भरला. त्या पोरीला जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक. कोणाला कळणार होतं? आणि कागद उद्या फाइलीत लागणारच होता की. पण फाइलीतला कागद वाचणं वेगळं आणि दाराआडून ऐकणं वेगळं, हे चार टेबलांना पटवून देत हिंडलेली बाई तीच होती.

त्यांनी हात लांब करून भिंतीवरचं बटण फिरवलं. एक, दोन, थेट पाचावर. जुना पंखा आधी कण्हला आणि मग असा घरघरायला लागला की बाहेरचं काही ऐकू येईना. मांडणीवरचे पिवळे कागद फडफडत खाली यायला लागले. ताईंनी दोन्ही हातांनी आणि पोटाने ते दाबून धरले आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या.

पोटात दुखत होतंच. तिलाच सांगतेय, हे पंखा पाचावर असतानाही कळत होतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला तोही त्यांना ऐकू आला नाही. मावशींनी दारावर तीनदा थाप मारल्यावर त्यांनी पंखा बंद केला. बाहेर बाक रिकामा होता आणि गठ्ठ्यावर अकरा नवी पाकिटं होती.