पेपरमिंटचा खिसा

मी एक जुना राखाडी सदरा आहे. बॅटऱ्यांच्या कारखान्यात कामावर आलो तेव्हा मी आकाशी होतो. राखाडी मला शिशाच्या भुकटीने केले. शिंप्याने माझ्या छातीवर एक खोल खिसा शिवला होता. मित्रांनो, त्या खिशाचा मला फार गर्व होता.

पूर्वी सुटीचा भोंगा झाला की आम्ही सदरे कारखान्याच्या धुलाईखान्यात जात असू. मग एके दिवशी त्याला टाळे लागले. "आपापले कपडे घरी न्या. बायका काय हातावर हात ठेवून बसल्यात?" मोठे साहेब म्हणाले आणि सगळे हसले. माझा धनीही हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

घरी त्याची सात वर्षांची लेक, ठमी, दारातच वाट पाहत असे. बापाने हातपाय धुण्याआधीच ती त्याच्या कडेवर चढून माझ्या खिशात हात घाली. तिथे रोज पेपरमिंटची एक गोळी असे, पांढरी, बिनकागदाची. दिवसभर खिशात राहून ती करडी होई.

"बाबा, ही मळलीय!"

"फुंकर मार आणि टाक तोंडात. काही होत नाही."

मीही फुशारून जाई. एवढे लाड कुठल्या सदऱ्याचे होतात?

वर्षभरात ठमीचे पोट वरचेवर दुखू लागले. बाराचा पाढा घडाघडा म्हणणारी पोर साताच्या पाढ्यावर अडू लागली. आळशीपणा करते म्हणून आईने तिला धपाटेही घातले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि विचारले, "हिच्या रक्तात शिसं आहे, तेच पोटात आणि डोक्यात भिनतंय. घरात कुठून येतं?"

"शिसं कारखान्यात असतं हो," माझा धनी म्हणाला. तो कामावरून तसाच आला होता. "घरी मी कणभरही आणलेलं नाही. पोरीची शपथ!"

तेवढ्यात ठमीने सवयीने माझ्या खिशात हात घातला. डॉक्टरीणबाईंनी तिचे मनगट धरले. करडी गोळी टेबलावर पडली. माझ्या धन्याने ती गोळी पाहिली आणि मला अंगातून ओरबाडून काढले.

कारखान्यात हे कळल्यावर साहेबांनी हात झटकले. "आमची हवा तपासलेली आहे. तुमच्या घरच्या सवयींना आम्ही काय करणार?" धुलाईखान्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत.

मला तपासणीसाठी पिशवीत बांधून घराच्या दाराबाहेर टांगले. तपासायला अजून कोणी आलेले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे सदरे तुमच्या माणसांच्या अंगावर घरी येत असतील. त्या सदऱ्यांना जपा असे मी म्हणणार नाही. त्यांना उंबऱ्याच्या आत घेऊ नका. कारखान्याची घाण कारखान्यानेच धुवावी, आणि हे साहेबांना तोंडावर सांगा. माझ्या धन्याने ते सांगितले नाही.

औषधाने ठमीच्या रक्तातले शिसे उतरले. डोक्यातून जे गेले ते सगळे परत येईल असे मात्र डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत. आता बाप कारखान्याच्या नळावर आंघोळ करून, बिनखिशाचा सदरा घालून घरी येतो. ठमी दारात त्याला पाढा म्हणून दाखवते.

"सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक..."

"एकवीस, बाळा."

ती मान डोलावते. दुसऱ्या दिवशी बाप पुन्हा सांगतो, एकवीस.