मास्तरांचं एक मिनिट

अंधांच्या ग्रंथालयात तिला सगळे कात्रीताई म्हणत. तिथे पुस्तकं वाचून रेकॉर्ड व्हायची. त्यातले खोकले, अडखळलेले शब्द, पानांची सळसळ कॉम्प्युटरवर सिलेक्ट करून उडवायची, हे तिचं काम. सहा वर्षं ती एका निवृत्त मास्तरांचा आवाज कापत आली होती. खोकले की मास्तर स्वतःच म्हणत, "ताई, एवढं गाळा." ती गाळायची.

वाचायला बसले की मास्तर आधी एक मिनिट गप्प राहत. खोलीची ती शांतता ती जपून ठेवी. कुठे काही कापलं की तिथे त्या शांततेचा तुकडा जोडायचा, नाहीतर ऐकणाऱ्याच्या कानाला खड्डा लागतो.

एका जाडजूड कादंबरीचं शेवटचं प्रकरण उरलं आणि मास्तर गेले. ते प्रकरण शाळेतल्या एका बाईंनी वाचलं. आवाज गोड, पण घाई फार. गप्प बसायचं त्या विसरल्याच. खोली तीच, माईक तोच, म्हणून कात्रीताईने मास्तरांच्याच शांततेचे तुकडे त्यात सांधले.

चार दिवसांनी एका जुन्या श्रोत्याचा फोन आला. जन्मांध गृहस्थ, कान मोठे तिखट.

"प्रकरण छान झालंय," ते म्हणाले. "पण बाई वाचताना मास्तर शेजारी कशाला बसलेत?"

"काका, मास्तर जाऊन महिना झाला."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

तिने हेडफोन चढवला, आवाज पार वर नेला. जिथे जिथे तिने जोड दिला होता, तिथे कुणीतरी नाकाने हळूच श्वास घेत होतं. घ्यायचं आणि थांबायचं, बोलण्याआधी माणूस थांबतो तसं. आणि बाईंच्या शेवटच्या वाक्यानंतर तो श्वास सुटला होता, लांब, सावकाश.

तिने मूळ मिनिट तीनदा ऐकलं. श्वास घेतल्याचं त्यात होतं. सोडल्याचं कुठेच नव्हतं.

तो शेवटचा तुकडा तिने सिलेक्ट केला. पडद्यावर एवढासा निळा पट्टा. बोट डिलीटवर गेलं, पण तिला ते दाबवेना. सहा वर्षं या माणसाचं आपण काय काय उडवलं, असं तिच्या मनात आलं. तिने मास्तरांच्या पत्नीला, मास्तरीणबाईंना, फोन लावला.

दुपारी त्या आल्या. नुसत्या शांततेचं मिनिट ऐकायचंय म्हटल्यावर हसल्या.

"चाळीस वर्षांत घरात एक मिनिट गप्प बसले नाहीत हो. इथे बरे बसले."

त्यांनी हेडफोन लावून डोळे मिटले. मिनिट संपलं, पडद्यावरची रेघ टोकाला जाऊन थांबली. मास्तरीणबाई मात्र मान कलती करून ऐकतच राहिल्या.

"हं," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाचा आता."

मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. कात्रीताई उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी तिने ते प्रकरण श्वासासकट, होतं तसंच ठेवून दिलं.