चोवीस रिकामे चौकोन

अप्पांना मिळायचा होता तो वीतभर फोटो, लाकडी चौकटीतला. व्यायाम मंडळाच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, वर्षभर. शंभर दिवस एकही खाडा न करणाऱ्याला मंडळ हा मान देत असे. हा झाला दिसणारा नफा. न दिसणारा असा, की त्या चौकटीत व्याह्यांचं तोंड नसेल. दोघं टिकले तर दोघांचा एकत्र फोटो लागणार होता, आणि त्यापेक्षा अप्पांनी विहिरीत उडी पत्करली असती.

व्याही म्हणजे भाऊ, सुनेचे वडील. अप्पा कारखान्यात चौतीस वर्षं हजेरी लिहीत आले होते, भाऊंनी तेवढीच वर्षं बस चालवली होती. दोघंही विधुर, दोघांची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. रिकामपणाला काहीतरी चाळा लागतो. यांना एकमेकांचा लागला होता.

खरं तर मंडळाच्या शिक्षकाने फळ्यावर तीन रंग ठेवले होते. हजर निळा, गैरहजर लाल, आणि आठवड्यातून एक दिवस विश्रांतीचा हिरवा. हिरवा हजेरीतच धरला जाई. दुसऱ्याच आठवड्यात अप्पा सभेत उभे राहिले.

"विश्रांती म्हणजे गोड भाषेतली दांडी," ते म्हणाले. "चौतीस वर्षं मी असल्या दांड्या पकडल्या आहेत."

"व्याहीबुवा जन्मात पहिल्यांदा खरं बोलले," भाऊंनी मागून अनुमोदन दिलं.

शिक्षकाने सांगून पाहिलं, की साठीनंतर सांध्यांना भरून यायला वेळ लागतो. पण अध्यक्ष, जे स्वतः खुर्चीत बसून खांदे फिरवण्यापलीकडे कधी गेले नाहीत, त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हिरवा खडू डब्यात गेला.

सुनेला हे कळलं तेव्हा ती हसली होती. तिच्या घरात ते शेवटचं हसू.

ती अग्निशमन केंद्रात फोनवर कामाला होती. सात वर्षं तिने दुसऱ्यांना आगीकडे पाठवलं होतं; आता तिला स्वतः गाडीवर जायचं होतं. परीक्षा एकच: वीस किलोची नळी खांद्यावर घेऊन सहा मजले, दोन मिनिटांच्या आत. परीक्षा दोन वर्षांतून एकदा, वयाची अट चौतीस, आणि ती तेहेतीस पूर्ण. म्हणजे ही पहिली आणि हीच शेवटची.

केंद्रातल्या जुन्या जवानाने तिला आठ आठवड्यांचं वेळापत्रक आखून दिलं. आठवड्याला चार दिवस जिना, तीन दिवस काही नाही.

"काही नाही म्हणजे?" तिने विचारलं होतं.

"म्हणजे काही नाही. पोरी, जिन्यावर माणूस फक्त झिजतो. भरून निघतो तो अंथरुणावर. तू जिना चुकवलास तर मी माफ करीन, झोप चुकवलीस तर नाही."

तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जिन्याच्या दिवशी फुली मारली आणि आरामाचे चौकोन कोरे ठेवले. चोवीस चौकोन. तिथेच चुकली. घरातल्या पुरुषांना कोरा चौकोन दिसला की त्यात काम दिसतं.

पहिलं काम नवऱ्याने लिहिलं, निळ्या पेनने: अप्पांना शेक.

"तू तशीही घरीच आहेस ना त्या दिवशी," तो म्हणाला. स्वभावाने तो वाईट नव्हता. फक्त मलमाच्या वासाने त्याचं डोकं दुखत असे.

वास होताच. कापूर, तेल आणि त्याखाली तीन दिवसांच्या पायमोज्याचा आंबूस दर्प. अप्पा पाय पाटावर ठेवत आणि मोजा तिने काढावा म्हणून वाट बघत. आत अंगठ्याचं नख काळं पडून उचकटलेलं, टाचेला फुटलेला फोड, त्याचं पाणी मोज्याला चिकटून वाळलेलं. गुडघा उकडून फुटायला आलेल्या बटाट्यासारखा. तिला शरीराची किळस नव्हती. जळलेल्या माणसांचे आवाज तिने फोनवर ऐकले होते. तिला शिसारी आली ती अप्पांच्या चेहऱ्याची. बारशाला बाळ दाखवावं तसा ते गुडघा दाखवत होते.

"बघ, बघ. भाऊचा एवढा सुजलाय का?"

"अप्पा, चार दिवस बसा हो. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरचं काय जातंय? त्याचा फोटो लागणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी भाऊंकडे तीच तऱ्हा. त्यांनी टाच पुढे केली. वरची शीर दोरीसारखी जाड झालेली, बोट लावलं की कळ डोक्यात जायची.

"अप्पा लंगडतोय म्हणे?" भाऊंनी आशेने विचारलं.

"तुम्हीही लंगडताय, भाऊ."

"मी उजव्यावर लंगडतो. तो दोन्हींवर. फरक आहे."

अशा रीतीने चौकोन भरत गेले. शेक. पट्टी बदलणे. भाऊंसाठी बर्फ. अप्पांना डॉक्टरकडे नेणे, परत आणणे, आणि त्यांनी शिव्या घातलेल्या त्या डॉक्टरची माफी मागणे. फुलीच्या दिवशी ती जिना चढे, कोऱ्या दिवशी घर चढे. सहाव्या आठवड्यात तिची वेळ सुधारण्याऐवजी चार सेकंदांनी वाढली. जुन्या जवानाने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्या पोटऱ्यांकडे.

"झोपतेस ना?"

"झोपते."

"खोटं बोलायला तरी दम लागतो," तो म्हणाला. "शेवटचे तीन दिवस जिन्याकडे बघायचंसुद्धा नाही. ऐकतेस?"

ती ऐकत होती. घर ऐकत नव्हतं.

मंडळाचा त्र्याण्णवावा दिवस. तिची परीक्षा सत्त्याण्णवाव्या दिवशी. पायऱ्यांवर उड्या मारण्याचा व्यायाम चालू होता. भाऊंनी उजव्या पायाने उडी घेतली आणि वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. भाऊंना वाटलं, कोणीतरी मागून टाचेवर काठी मारली. त्यांनी वळून आधी अप्पांकडेच पाहिलं, मग खाली कोसळले.

शिक्षकाने केलेला फोन तिने उचलला आणि धावत गेली. तिथे जे पाहिलं ते तिला पुढे कित्येक दिवस जेवताना आठवायचं. भाऊ फरशीवर, चेहरा चुन्यासारखा, ओठावर घामाचे थेंब. आणि अप्पा त्यांच्या शेजारी नव्हतेच. ते फळ्यापाशी उभे राहून विचारत होते, "मास्तर, ह्यांची आजची हजेरी धरणार का? व्यायाम पुरा झालेला नाही."

"धरायची!" भाऊ जमिनीवरून ओरडले. "आलो होतो मी! निळा लावा!"

शिक्षकाने खडू खाली ठेवला. "तुम्हा दोघांना लाज आहे का?"

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न खरोखरच कळला नव्हता.

टाचेची शीर तुटली होती. शस्त्रक्रिया, प्लास्टर, दोन महिने पाय टेकायचा नाही. इस्पितळाची लिफ्ट बंद. तिच्या शेवटच्या तीन कोऱ्या चौकोनांत ती एकूण अठ्ठावीस वेळा चार मजले चढली: डबा, औषध, कागद, उशी, भाऊंचा चष्मा, भाऊंचा दुसरा चष्मा. नवऱ्याने रजा मागून पाहिली, मिळाली नाही; दोनदा मागून पाहिली असती तर मिळालीही असती. तिसऱ्या दिवशी भाऊंना घरी आणून पुढच्या खोलीत झोपवलं. शेजारच्या खाटेवर अप्पा, गुडघ्याला दोन पट्ट्या, अजून चार सकाळी बाकी.

"उद्या चाललात वाटतं?" भाऊंनी विचारलं.

"रांगत जाईन."

"रांगण्याची हजेरी धरत नाहीत."

"तुमची पडण्याची धरली!"

तिने दोघांच्या मध्ये शेकायची पिशवी आपटली. पाणी उडालं. अप्पा पिशवी चाचपून म्हणाले, "जरा गार झालंय गं हे."

परीक्षेच्या सकाळी तिने नळी खांद्यावर घेतली तेव्हाच मांड्यांनी उत्तर देऊन टाकलं होतं. पहिला, दुसरा, तिसरा मजला तिने मनाने काढला. चौथ्यावर श्वास घशात अडकला. पाचव्याच्या वळणावर पोटरीत गोळा आला आणि पाय आपला राहिला नाही. तिने तो हाताने उचलून पायरीवर ठेवला. वर पोचली तेव्हा परीक्षकाने घड्याळ तिच्याकडे वळवून दाखवलं. दोन मिनिटं नऊ सेकंद.

जुना जवान खाली उभा होता. त्याने नळी तिच्या खांद्यावरून उतरवून घेतली. "ताकद होती तुझ्यात," तो म्हणाला. "भरू कोणी दिली नाही." मग तोंड फिरवून जमिनीवर थुंकला. त्याला कोणी घाणेरडेपणा म्हणालं नाही.

ती घरी आली तेव्हा अप्पा मंडळातून नुकतेच परतले होते आणि बूट न काढता खाटेवर पडले होते.

"काय झालं गं?" भाऊंनी विचारलं.

"नाही झालं. नऊ सेकंद."

"अरेरे," अप्पा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "एवढी विश्रांती घेऊनही?"

"आठवड्यातून तीन-तीन दिवस," भाऊंनी मान हलवली. "तरी मी म्हणत होतो, एवढं बसून राहिलं की शरीर सुस्तावतं. काय हो?"

"अगदी," अप्पा म्हणाले. एवढ्या वर्षांत दोघांचं एकमत झालं ते सभेत एकदा आणि इथे एकदा.

 तिच्याकडे शब्द होते, पण ते या दोघांवर खर्च करायचे नव्हते. तिने स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर काढलं, आतल्या खोलीत गेली, कडी लावली आणि भर दुपारी अंथरुणावर आडवी झाली. बाहेरून हाका आल्या. आधी पाण्यासाठी, मग शेकासाठी, मग नवऱ्याची, हळू आवाजात, की अगं ते दोघं बोलावतायत. ती उठली नाही. पडल्यापडल्या एकेक चौकोन मोजत राहिली.

शंभराव्या दिवशी अप्पांचा फोटो निघाला, खुर्चीत बसून, कारण उभं राहता येत नव्हतं. भिंतीवरचा फोटो फक्त छातीपर्यंतचा आहे, गुडघा दिसत नाही. भाऊंच्या नावापुढे त्र्याण्णव निळ्या खुणा आहेत. शेवटची शिक्षकाने नाइलाजाने लावली. नवऱ्याचं डोकं एकदाही दुखलं नाही. अध्यक्षांचे खांदे उत्तम आहेत. आणि चोवीसांतले पाच चौकोन कोरे निघाले. बाकीचे एकोणीस निळ्या पेनने भरलेले. फोटो, प्लास्टर, हजेरी, सगळं त्या एकोणिसांतून गेलं, आणि ते एकोणीस तिचे होते.