हमाल कांदे प्याले

यंत्रानं भाषांतर करून दाखवलं आणि कर्वेनगरातल्या त्या छोट्याशा ऑफिसात हशा पिकला. मूळ वाक्य वर्तमानपत्रातलं, अगदी साधं: ‘हमालांनी सकाळी कांद्याची चाळीस पोती रिचवली.’ यंत्रानं केलेल्या इंग्रजीचा अर्थ असा, की हमाल सकाळी चाळीस पोती कांदे प्याले.

सगळे हसले, पण सुहाना बागवान हसली नाही. मराठीतून इंग्रजी करणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला शब्दांचे अर्थ पुरवणं हे तिचंच काम होतं. ‘रिचवणे’पुढे तिनंच लिहिलं होतं: पिणे; जुन्या वळणाचा शब्द; चहा किंवा दारूसाठी. एम.ए.ला मराठीत कॉलेजात दुसरी आलेली मुलगी. तिला त्यात शंकासुद्धा आली नव्हती.

“टायपिंगची चूक आहे,” प्रोग्राम लिहिणारा उत्तरेश्वर म्हणाला. “पोती रचतात, रिचवत नाहीत. वाक्य उडवून टाक. पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या लोकांना डेमो द्यायचाय, त्यांच्यापुढे कांदे नकोत.”

सुहानानं उडवायला बोट नेलं आणि थांबली. यंत्राला पुरवलेल्या वर्तमानपत्रांच्या सगळ्या कात्रणांत तिनं तो शब्द शोधला. एका बातमीत मुरमाच्या पाट्या रिचवल्या होत्या. दुसरीत कुणी धान्य कणगीत रिचवलं होतं. तीन वेगवेगळ्या माणसांची एकच चूक कशी होईल?

घरी बागवानांकडे हिंदी-दखनी चाले. अब्बा, म्हणजे शमशुद्दीन, तीस वर्षं मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याच्या आडतीवर होते. त्यांची मराठी गाळ्यावरच राहायची, उंबरा ओलांडून आत यायची नाही. सुहानाला वाटायचं, अब्बांना मराठी येते ती कामापुरती. जेवताना तिनं गंमत म्हणून ते वाक्य वाचून दाखवलं आणि यंत्राचा पराक्रमही सांगितला.

अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला. मग मराठीत म्हणाले, “पण वाक्य बरोबर आहे. यात चूक काय झाली?”

“पोतं रिचवायचं म्हणजे?”

“रिचवायचं म्हणजे रिचवायचं! आता हे कसं सांगू?” त्यांनी हवेतच दोन्ही हातांनी काहीतरी उलटं केलं. “उद्या सकाळी चल माझ्याबरोबर. बघच.”

सकाळी साताला ती गाळ्यावर उभी होती. नाकात कांद्याचा उग्र वास, डोळ्यांत पाणी. अब्बा इथे वेगळेच दिसत होते, आवाजही मोठा. एका हमालानं पाठीवरचं पोतं फरशीवर टेकवलं, सुतळी सोडली, तेव्हा अब्बा ओरडले, “तिकडं न्हाय, हिकडं रिचव!” त्यानं पोत्याचे दोन कान धरून ते उलटं केलं. खळखळ करत कांदा फरशीवर पसरला. हमालानं पोतं झटकलं, आत एक साल राहिली होती तीही पडली.

कांदा निवडायला बसलेल्या बायकांत गोदाबाई सगळ्यांत वयस्कर. सुहाना तिच्याजवळ उकिडवी बसली.

“मावशी, चहा रिचवतात असं म्हणता तुम्ही?”

“म्हनतो की. आमचा मालक, पोरांचा बाप, रिचवायचा.”

“आणि तुम्ही?”

“मी पिते,” गोदाबाई किडका कांदा बाजूला टाकत म्हणाली. “घोट घोट, चव घेत. मालक कप उचलायचा आन् नरड्यात उलटा करायचा. त्यो चा पीत नव्हता बाई, कप रिकामा करत हुता.”

सुहाना तिथून थेट शालन मॅडमकडे गेली. निवृत्त संस्कृत शिक्षिका. शब्दकोश तपासायला कंपनीनं नेमलेल्या. दार उघडताच त्यांनी नाकाला पदर लावला.

“कांदे घेऊन आलीस की कांद्यातून आलीस?”

सुहानानं सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं.

“रिच् हा धातू. रिकामं करणे. त्याचाच रिक्त, त्याचाच रिता. अतिरेक, रेचक, सगळी एकाच घरातली. एम.ए.ला शिकवत नाहीत वाटतं हल्ली.” मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, “पोतं रिचवण्याचा अर्थ मात्र मी फक्त कोशात वाचलेला. कुणी बोलताना नाही ऐकला. काय म्हणाल्या त्या बाई, परत सांग.”

सुहानानं परत सांगितलं. मॅडमनी ते वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं, ‘हुता’सकट.

ऑफिसात सुहानानं नोंद बदलली. पहिला अर्थ, रिकामे करणे, ओतणे. दुसरा, भांडे घशात रिकामे केल्यासारखे पिणे. उत्तरेश्वर आधी कुरकुरला, मग त्यालाच चेव आला. पातळ पदार्थ असेल तर पिणे, नसेल तर ओतणे, असा नियम त्यानं दुपारपर्यंत बसवला. आता यंत्राच्या इंग्रजीत हमालांनी कांद्याची पोती ओतली. पाहुणे तीन-तीन कप चहा प्याले. सगळं सुरळीत.

“आता हे घाल,” सुहाना म्हणाली आणि स्वतःच टाइप केलं: ‘त्याने दुधाची बादली रिचवली.’

यंत्र म्हणालं, तो बादलीभर दूध प्याला.

“बरोबर की!”

“कशावरून? ओतली असेल कॅनमध्ये.”

उत्तरेश्वरनं वाक्य पुन्हा चालवलं; उत्तर तेच आलं. सुहानानं गाळ्यावर फोन लावला. मागे हमालांचा कल्ला चालला होता. अब्बांनी वाक्य दोनदा म्हणायला लावलं.

“कोण होता तो?” त्यांनी विचारलं. “गवळी की पैलवान?”

“ते वाक्यात नाहीये, अब्बा.”

“मग मी तरी कसं सांगू? तुझ्या मशीनला म्हणावं, आधी माणूस बघून ये.”

तिनं हे उत्तरेश्वरला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, तेवढं सोडून पुढे जाऊ, डेमोत दुधाची बादली कोण विचारणार आहे. सुहानानं ते वाक्य उडवलं नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘अर्थ नक्की नाही. कर्ता कोण ते पाहावे.’ तपासून परत आलेल्या कागदावर त्या शेऱ्याखाली शालन मॅडमची लाल शाईतली सही होती, आणि पुढे एकच शब्द: ‘योग्य.’