सातव्या रकान्यातलं ‘होय’

‘आपणांस कधी शिक्षा झाली आहे काय?’ शाळेतल्या नोकरीच्या अर्जाच्या सातव्या रकान्यात तिने ‘होय’ लिहिलं. तिच्या एकोणिसाव्या वर्षी भावाने औषधाचं दुकान फोडलं, तेव्हा ती बाहेर पहाऱ्यावर होती. दुकानदार धावत आला, तिने त्याला ढकललं, त्याचा पाय मोडला. अकरा महिने तुरुंगात गेले. त्या गोष्टीला आता वीस वर्षं झाली होती.

मुख्याध्यापिकाबाईंनी कागद वाचून चष्मा काढला. “हे मला आणि मंडळाला माहीत राहील, बाकी कुणाला नाही. गणित शिकवा.”

तीन महिने बरे गेले. मग एका सोमवारी ती शिक्षकखोलीत शिरली आणि बोलणं थांबलं. खेळाच्या सरांनी उगाचच खिडकी उघडली. चित्रकलेच्या बाईंनी टेबलावरची पर्स मांडीवर घेतली. निघायचं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण त्या निघाल्या नाहीत. तिच्या मनात पाल चुकचुकली.

दोन दिवसांनी पहिल्या बाकावरच्या मुलीने भर वर्गात विचारलं, “बाई, तुम्ही खरंच माणसाचा पाय मोडलात?”

“वही उघड,” ती म्हणाली. खडू मात्र हातातच तुटला.

फायलींच्या कपाटाची किल्ली कारकुनाकडे असायची. तो फोनवर हसला तरी तिला वाटायचं, माझंच चाललंय. शेवटी तिने त्याला गाठलं. “भाऊसाहेब, माझी फाईल कुणाला दाखवलीत?”

त्याने फाईल काढली. आत लाखेने बंद केलेला लिफाफा होता. “मोठ्या बाईंनी त्याच दिवशी बंद केला. मलाही वाचायचा होता, खोटं कशाला बोलू? नाही दिला.” मग हळूच म्हणाला, “शाळा पालथी घालताय. घरी विचारलंत?”

ती चिडूनच घरी आली. “ऐकलंत का, तो कारकून म्हणतो घरी विचारा!”

नवरा कांदा चिरत होता. सुरी थांबली.

“सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीत एक पालक होता,” तो म्हणाला. “मुलीचं गणित तुझ्यामुळे सुधारलं म्हणाला. मला अभिमान वाटला गं. म्हटलं, ती कुठून कुठे आलीय, तुम्हाला काय ठाऊक!”

“मग?”

“मग त्याने विचारलं, कुठून?”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

पण तिने स्वतःहून पालकसभा मागून घेतली आणि उभं राहून सगळं सांगितलं, त्या पायासकट. मागून तोच सलूनमधला पालक उठला. “उद्या माझ्या मुलीला ढकललंत तर?”

“ढकलणार नाही. पण माझ्या सांगण्यावर तुम्ही का विश्वास ठेवावा? वर्गात येऊन बसा.”

चार मुलं दुसऱ्या तुकडीत गेली. परीक्षेनंतर त्यातलं एक परत आलं, तिघं आली नाहीत. तो पालक मात्र खरंच आला. नऊ दिवस शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसला. दहाव्या दिवशी बाक रिकामा होता.

“बाबांची रजा संपली,” मुलगी म्हणाली.

त्याचा विश्वास बसला की नुसती रजाच संपली, हे तिला कळलं नाही. तिने फळा पुसला आणि अपूर्णांक काढले.